जिवलग मैत्री : जोखीम की ठेव?



जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही उभयता पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नातीच्या शाळेचा तो पहिला दिवस. ती यंदा पाचवीत गेली. नवे दप्तर, नवी पुस्तके, त्यांना आदल्या रात्री मीच घातलेली तपकिरी कव्हरे, अशा थाटात सकाळी गेलेली मुलगी दुपारी परतली ती दप्तर कोपऱ्यात टाकून थेट गॅलरीत जाऊन बसली. जेवायला बोलावले तर "भूक नाही" एवढेच उत्तर. तीन-चार वेळा विचारल्यावर उलगडा झाला. पहिलीपासून जी मैत्रीण तिच्या शेजारी एकाच बाकावर बसत आली, तिची तुकडी बदलली होती. एक 'अ' मध्ये आणि दुसरी 'क' मध्ये. दोन्ही तुकड्यांची मधली सुट्टीदेखील वेगवेगळ्या वेळी.

मुलगा म्हणाला, "होईल सवय दोन दिवसांत." सूनबाईंना मात्र ते पटले नाही. त्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना भेटल्या. याद्या करताना काही चूक झाली असावी, असा त्यांचा समज होता. बाईंनी शांतपणे सांगितले, "चूक नाही, आम्ही ठरवूनच केलं आहे. दोघी एकमेकींना फार चिकटून असतात, इतर मुलींत मिसळत नाहीत. अशा जोड्या आम्ही मुद्दाम वेगळ्या करतो. त्यांच्या भल्यासाठीच आहे हे."

बाईंच्या हेतूविषयी मला शंका नाही. चाळीस-पंचेचाळीस मुलांचा वर्ग सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने सांभाळला त्यालाच ठाऊक. परंतु 'भल्यासाठीच' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. कारण तोच शब्द, अगदी त्याच अर्थाने, मी स्वतः एकदा वापरला होता. त्याविषयी पुढे लिहीनच. मुलांमधील जिवलग मैत्रीला शाळेने आवर घालावा काय, या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

हा विचार त्या एका शाळेपुरता नाही. २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात ब्रिटनच्या राजघराण्यातील राजपुत्र जॉर्ज लंडनच्या बॅटरसी भागातील 'थॉमसेस' या शाळेत दाखल झाला. त्या वेळी तेथील वृत्तपत्रांनी एका गोष्टीची विशेष चर्चा केली. ही शाळा 'बेस्ट फ्रेंड' करण्यास उत्तेजन देत नाही, सर्वांशी प्रेमाने वागा असे शिकवते, आणि वाढदिवसाला साऱ्या वर्गाला बोलावणार नसाल तर निमंत्रणे वर्गात वाटू नका अशी तेथील रीत आहे, असे छापून आले. त्याआधी २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतील याच प्रवाहावर लेख प्रसिद्ध केला होता. मुलांनी एकालाच धरून न राहता मोठ्या गटात मिसळावे असा तेथील काही शिक्षकांचा आग्रह असतो, आणि एका उन्हाळी शिबिरात तर त्यासाठी 'मैत्री-प्रशिक्षक' नेमलेले असतात, असे त्या लेखात म्हटले होते. आपल्याकडे असा नियम क्वचितच कोणी लिहून ठेवतो. परंतु दरवर्षी तुकड्या मिसळणे, जोडीला वेगवेगळ्या बाकांवर बसवणे या प्रथा अनेक शाळांत आहेत.

या मागची कारणे सहज झटकून टाकण्यासारखी नाहीत. दोघांची जोडी जमली की तिसरा बाहेर राहतो, आणि बाहेर राहिलेल्या मुलाचे दुःख घरी कोणाला कळतही नाही. दुसरे असे, की ज्याने सारा जीव एकाच मित्रावर ठेवला, त्याचे त्या मित्राशी भांडण झाले, किंवा मित्र दुसऱ्या गावी गेला, की त्याचे जगच रिकामे होते. तिसरे म्हणजे मालकी हक्क. "तू तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस" हे वाक्य कोणत्या घरात ऐकू आले नाही? आणि चौथे, संगतीचा परिणाम. एकाने खोडी काढली की दुसरा त्यात आपोआप ओढला जातो.

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो. एकाच कर्जदाराला किती कर्ज द्यावे, याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालून दिलेली आहे. तो कितीही सचोटीचा असो, त्याचा धंदा कितीही तेजीत असो, सारी रक्कम एका नावावर लावायची नाही, कारण तो बुडाला तर बँकही बुडेल. शाळा हाच नियम मुलांच्या मनाला लावू पाहते. आणि मैत्रीत बुडणारी माणसे मी पाहिलेली आहेत, हे मान्य केले पाहिजे. मित्राच्या कर्जाला जामीन राहिले आणि मित्राने पाठ फिरवल्यावर स्वतःच्या दुकानाचे कुलूप बँकेच्या ताब्यात द्यावे लागले, असे सज्जन गृहस्थ माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत. परंतु त्याच टेबलासमोर दुसरेही दृश्य पाहिले. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना एका कापड व्यापाऱ्याचे दुकान रात्रीतून जळाले. विम्याची रक्कम अपुरी. नव्या कर्जाला जामीनदार हवा होता. नातेवाईक हळहळ व्यक्त करून गेले. सही करायला आला तो चौथीपर्यंत त्याच्या बाकावर बसलेला एक शेतकरी, दुसऱ्या समाजाचा. मी नियमाप्रमाणे त्याला जामिनाचा अर्थ समजावून सांगू लागलो. तो म्हणाला, "साहेब, अर्थ कळतो. कुठं सही करू ते सांगा." ते कर्ज मुदतीत फिटले. अर्थात या एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, जसा बुडालेल्या जामीनदारांवरूनही बांधता येत नाही.

जिवलग मैत्रीविरुद्ध सर्वांत वजनदार साक्ष कोणाची असेल, तर ती महात्मा गांधींची. आत्मचरित्रात त्यांनी राजकोटच्या हायस्कूलमधील एका मित्राविषयी सविस्तर लिहिले आहे. तो मूळचा त्यांच्या थोरल्या भावाचा मित्र. आई, थोरला भाऊ आणि पत्नी या तिघांनीही त्यांना सावध केले होते. पण आपण मित्राला सुधारू, या विश्वासाने त्यांनी कोणाचे ऐकले नाही. त्या मित्राने त्यांना मांसाहाराची चव दाखवली, पत्नीविषयी मनात संशय पेरला. या अनुभवावरून गांधीजींनी असा निष्कर्ष काढला, की एकाच व्यक्तीशी अतिनिकट मैत्री टाळावी, कारण माणूस गुणांपेक्षा दोष लवकर उचलतो. आपल्या समाजातील पालकांच्या अंगावर काटा यावा अशीच ही हकीकत आहे. वैष्णव घरातील, जैन साधूंचे येणे-जाणे असलेल्या घरातील मुलगा, आणि मित्राच्या संगतीने नदीकाठी लपूनछपून मांस खातो!

परंतु हीच हकीकत पुढे वाचली तर तिच्यातून वेगळाही बोध निघतो. घरच्यांनी मैत्रीविरुद्ध दिलेल्या इशाऱ्यांनी ती मैत्री थांबली नाही. मग मांसाहार कशाने थांबला? बाहेर असे जेवण झाले की घरी आईला "आज भूक नाही" असे खोटे सांगावे लागे. हे खोटे त्यांना सोसेना. आईवडील हयात असेतोवर मांस खायचे नाही असे त्यांनी ठरवले आणि मित्राला तसे सांगून टाकले. मैत्री मात्र त्यानंतरही राहिली. पुढे १८८८ मध्ये विलायतेला निघताना आईच्या मनातील भीती दूर झाली ती बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मोहनदासला दिलेल्या प्रतिज्ञेने, आणि ती प्रतिज्ञा त्यांनी परदेशात एकट्याने पाळली. म्हणजे मुलाला सावरले ते मैत्रीवरच्या बंदीने नव्हे. आईशी खोटे बोलवत नाही इतके घट्ट नाते घरात होते, म्हणून तो सावरला. गांधीजींच्या निष्कर्षापुढे मी नम्र आहे. पण त्यांच्या अनुभवातून पालकांनी घ्यायचा धडा मला हाच दिसतो.

आता मुलांच्या मैत्रीविषयी अभ्यासकांनी काय पाहिले आहे, तेही थोडक्यात सांगतो. कॅनडातील माँट्रियल येथील काँकॉर्डिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये पाचवी-सहावीच्या १०३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी चार दिवस, दिवसातून अनेक वेळा, नुकतेच काय घडले आणि त्या वेळी जवळ कोण होते याची नोंद केली. त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचेही मोजमाप झाले. शिक्षक रागावले, वर्गातील मुलांनी चिडवले, अशा वाईट प्रसंगी जिवलग मित्र जवळ नसेल तर कॉर्टिसॉल वाढे आणि स्वतःविषयीचे मत खालावे. मित्र जवळ असेल तर तोच प्रसंग बराच सौम्य होई. मित्राने काही उपाय केला होता असे नाही. तो केवळ शेजारी होता.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचा, २०१७ मधील. १६९ मुलामुलींना पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत पाहिले गेले. ज्यांना पंधराव्या वर्षी एक घट्ट मैत्री होती, त्यांची समाजात वावरण्याची धास्ती पुढे कमी झाली आणि स्वतःविषयीचा आदर वाढला. जी मुले केवळ लोकप्रिय होती, सर्वांना हवीहवीशी होती, त्यांची ती धास्ती उलट वाढलेली आढळली. आपण व्यापारी मंडळी ओळखींना फार मानतो, आणि ते योग्यच आहे. दुकान ओळखींवर चालते. परंतु मन ओळखींवर चालत नाही, असाच या अभ्यासाचा अर्थ मी घेतो.

हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या व्याख्यानांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये निघाले. साडेआठ ते दहा या वयाच्या सुमारास मुलाला पहिल्यांदा आपल्यासारखाच एक सवंगडी जिवाभावाचा वाटू लागतो, आणि त्याचे सुख आपल्या सुखाइतकेच महत्त्वाचे वाटते, असे त्याचे प्रतिपादन होते. आईवडिलांचे प्रेम मुलाला जन्मतः मिळते. मित्राचे प्रेम ते स्वतः मिळवते आणि स्वतः सांभाळते. माझी नात नेमकी त्या वयाची आहे.

येथे मला माझ्या मुलीविषयी लिहिले पाहिजे. १९९८ मध्ये माझी बढतीवर बदली मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी झाली. नाकारावी तर पुढील काही वर्षे बढतीचा विचार होणार नाही, अशी स्थिती. मुलगी तेव्हा सांगलीत सहावीत होती. समोरच्या शिंपीकाकांची मुलगी तिची जिवलग मैत्रीण. दोघी एकत्र शाळेत जात, एकत्र अभ्यास करत, आणि एकीला ताप आला तर दुसरीचे जेवणात लक्ष नसे. सामानाचा ट्रक दारात उभा राहिला त्या सकाळी दोघींनी आपापल्या कंपासपेट्यांची अदलाबदल केली. मुलगी रडू लागली तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "अगं, नव्या गावी नव्या मैत्रिणी मिळतील. तुझ्या भल्यासाठीच चाललोय आपण." ती सुरुवातीला आंतरदेशीय पत्रे लिहीत असे. चार वर्षांनी दुसरी बदली झाली, पत्ता बदलला आणि पत्रेही थांबली. मी त्याचा पुन्हा विचार केला नाही. मुलगी हुशार होती, पहिल्या पाचात येत होती, तक्रार करत नव्हती.

गेल्या दिवाळीत ती माहेरी आली होती. रात्री गप्पा मारताना सहज म्हणाली, "अण्णा, दुसऱ्या बदलीनंतर मी ठरवूनच टाकलं होतं, की कोणाशी फार जवळ जायचं नाही. पुन्हा सोडताना त्रास नको. मग ती सवयच लागली." आज तिला ओळखी पुष्कळ आहेत. सोसायटीत, कचेरीत सर्वांशी गोड आहे. पण मनात काही दाटून आले तर रात्री अकरा वाजता फोन करावा असे एकही नाव नाही, असे तिने हसत हसत सांगितले. मला त्या रात्री झोप लागली नाही. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायची असेल तर ठेवीदाराची सही लागते, हे मी आयुष्यभर ग्राहकांना सांगत आलो. माझ्या मुलीची ठेव मी तिची सही न घेता मोडली होती.

बदली माझ्या हातात नव्हती, हे खरे. पण तिच्या दुःखाला मी दुःख म्हणून मान दिला असता, सुट्टीत तिला आठ दिवस सांगलीला पाठवले असते, त्या मैत्रिणीला आमच्याकडे आणले असते, तर कदाचित तिने मनाचे दार असे लावून घेतले नसते. हे सारे माझ्या हातात होते. शाळेने तुकड्या बदलताना जे होते, ते यापेक्षा वेगळे नाही. मूल त्यातून 'सर्वांशी मैत्री करावी' हा धडा घेईलच असे नाही. 'जवळ गेलो तर तोडतात' हाही धडा ते घेऊ शकते.

आपल्यापैकी काही वडीलधारी वाचक येथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या. त्यांतील मैत्री ही सर्व प्राणिमात्रांविषयी आहे, कोणा एकाविषयी नाही. शिवाय राग म्हणजे आसक्ती हे बंधनाचे कारण. गौतमस्वामींना भगवान महावीरांविषयी वाटणारा स्नेहदेखील केवलज्ञानाच्या आड आला, अशी कथा आपण दिवाळीच्या सुमारास ऐकतो. मग शाळा सर्वांशी समभाव शिकवत असेल, तर तिचे चुकले कोठे?

मला वाटते, चुकले ते क्रमात. गौतमस्वामींनी जे सोडले, ते त्यांच्यापाशी आधी होते. आपली परंपरा गृहस्थाला पहिल्याच दिवशी महाव्रते देत नाही. ती अणुव्रतांपासून आरंभ करायला सांगते. ज्याने एकाच्या डब्यातील घास वाटून घेतला नाही, एकाच्या तापाने ज्याचा जीव कासावीस झाला नाही, त्याला सर्व जीवांविषयीची मैत्री हा केवळ पाठ केलेला शब्द राहील. क्षमापनेच्या दिवशी आपण शेकडो जणांची क्षमा मागतो. पण क्षमा मागणे खरोखर किती कठीण असते, हे लहानपणी जिवलग मित्राशी भांडून, तीन दिवस अबोला धरून, चौथ्या दिवशी स्वतः बोलायला गेलेल्यालाच कळते. जोडी फोडली की भांडण टळते, आणि भांडण मिटवण्याचे शिक्षणही टळते.

शाळेला इतके सांगितल्यावर स्वतःच्या घरात डोकावणे भाग आहे. नातीचे प्रकरण कळले त्या रात्री माझ्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. त्या मुलीच्या घरी सगळं शिजतं." मी काही बोललो नाही, कारण तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. आपल्या घरांत मूल नव्या मित्राचे नाव सांगते, तेव्हा आपले पहिले प्रश्न कोणते असतात? आडनाव काय? वडील काय करतात? घरी काय खातात? तो कसा आहे, त्याच्यासोबत तुला काय आवडते, हे आपण फार क्वचित विचारतो. आहाराची काळजी खोटी नाही, ती प्रत्येक जैन घराची खरी काळजी आहे. परंतु तिच्या आडून आपण कित्येकदा मुलांच्या जोड्या शाळेपेक्षाही सफाईने फोडतो. फरक इतकाच, की शाळा निदान कारण सांगते.

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. मुलांनी मिसळावे, हाच त्यांचाही आग्रह होता. पण त्यासाठी त्यांनी कोणाला कोणापासून तोडले नाही. पंगत मोठी केली. मुलांना मिसळायला लावण्याचा हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो.

मग शाळेने करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना करतो. तुकड्या मिसळायच्या असतील तर जरूर मिसळाव्यात, परंतु त्याआधी प्रत्येक मुलाकडून तीन मित्रांची नावे लिहून घ्यावीत आणि त्यांपैकी निदान एक जण त्याच्या तुकडीत राहील अशी दक्षता घ्यावी. ज्याचे नाव कोणीच लिहिले नाही, ते मूलही त्याच चिठ्ठ्यांतून शिक्षकांना सापडेल, आणि खरी मदत त्यालाच हवी असते. प्रकल्पाचे गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, बाक दर आठवड्याला बदलावेत, म्हणजे इतरांची ओळख होईल. मधली सुट्टी मात्र मुलांची राहू द्यावी. तेथे कोणी कोणाशेजारी बसावे, हे मोठ्यांनी ठरवू नये. वाढदिवसाची निमंत्रणे वर्गात न वाटण्याचा लंडनच्या शाळेचा दंडक मला आवडला. त्याने कोणाची मैत्री तुटत नाही, आणि तिसऱ्याचा अवमानही होत नाही.

पालकांचे काम याहून अवघड आहे. मुलाच्या जिवलग मित्राचे नाव, घर, आईवडील आपल्याला ठाऊक असावेत. तो मित्र महिन्यातून एकदा तरी आपल्या घरी जेवावा. दोघांचे भांडण झाले तर आपण कोणाचे वकील होऊ नये. ऐकून घ्यावे, आणि दोन दिवस वाट पाहावी. काही मैत्री मात्र खरोखर अपायकारक असते, तेथे डोळेझाक नको. मूल मित्राला भिऊ लागले, घरातून पैसे मागू किंवा उचलू लागले, पूर्वी सांगत असे त्या गोष्टी लपवू लागले, तर बसून बोलावे, शिक्षकांनाही विश्वासात घ्यावे. मात्र त्या वेळी 'त्याची संगत सोड' एवढाच हुकूम पुरत नाही, हे राजकोटच्या त्या घराने आपल्याला दाखवले आहे. मुलाला आपल्याशी खोटे बोलवू नये, इतका जिव्हाळा घरात असेल तरच बाहेरची संगत त्याला फार दूर नेऊ शकत नाही.

नातीच्या शाळेने तुकडी बदलून दिली नाही. आम्हीही फार ताणून धरले नाही. सूनबाईंनी त्या मुलीच्या आईला फोन केला आणि दर शनिवारी दुपारी तिने आमच्याकडे यायचे असे ठरले. पहिल्या शनिवारी तिच्या आईने आपणहून विचारले, "तुमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात ना? मग ती पाचलाच येऊ दे का जेवायला?" सौभाग्यवतींनी मुगाची धिरडी केली. जेवताना त्या मुलीने विचारले, "आजी, अंधार पडल्यावर तुम्ही का जेवत नाही?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या नातीने आजवर कधी मागितले नव्हते. ते त्या दिवशी दोघींनी मिळून अर्धा तास ऐकले. तिसऱ्या शनिवारी नातीसोबत 'अ' तुकडीतील, तिच्या शेजारी बसणारी एक मुलगीही आली. बाई म्हणतील, पाहा, आमचा उपाय लागू पडला. म्हणोत. मला एवढेच दिसले, की दोघींची मैत्री शाबूत होती म्हणून तिसरीला बोलावण्याचे धैर्य नातीला झाले.

सांगलीला परतल्यावर मी मुलीला फोन केला. शिंपीकाकांच्या मुलीचा पत्ता शोधायचा का, असे विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा, तिची कंपासपेटी अजून माझ्या कपाटात आहे." जुन्या गल्लीत चौकशी करून मी नंबर मिळवला आणि तिला पाठवला. दोघींचे बोलणे झाले किंवा नाही, हे मी विचारलेले नाही.

आपल्या घरात अशी एखादी तुटलेली किंवा टिकलेली मैत्री असेल, तर वाचकांनी जरूर कळवावे. पुढील अंकात त्यांतील निवडक अनुभव घेण्याचा मानस आहे.